घरातील जुना संगणक : सुधारावा की बदलावा?



कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर कौलारू घरांची डागडुजी करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. चार कौले फुटली म्हणून कोणी घर पाडीत नाही. फुटकी कौले काढून नवी बसविली की पावसाचे चार महिने निर्धास्तपणे जातात. परंतु कौले उतरविल्यावर आतील वासेच वाळवीने पोखरलेले आढळले, तर त्यांच्यावर नवी कौले चढविण्यात पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. म्हणूनच जाणता सुतार आधी वर चढून वासे ठोकून पाहतो आणि मगच कौलांचा हिशेब सांगतो. घरात दहा-बारा वर्षे वापरलेल्या संगणकाविषयी निर्णय घेतानाही हीच पद्धत उपयोगी पडते. कोणता दोष कौलांचा आणि कोणता वाशांचा, हे ओळखता आले की संगणक सुधारावा की बदलावा या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सापडते.

प्रश्न आजच का उभा राहिला

सन २००० नंतरच्या दोन दशकांत संगणक कचेऱ्या आणि शाळा यांच्या चार भिंतींतून निघून सामान्य कुटुंबांच्या घरांत पोचला. मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, बँकेचे व्यवहार, वीजबिलांचा भरणा ही कामे घरबसल्या होऊ लागली. गोव्यातील शेतकऱ्याला एक-चौदाचा उतारा आणि बेळगावकडील शेतकऱ्याला पहाणीपत्रक पडद्यावर पाहावयास मिळू लागले. त्या काळात हौसेने घेतलेले संगणक आता जुने झाले आहेत. ते सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे लागतात, मध्येच अडतात आणि घरातील माणसे त्यांच्यावर चिडतात.

यात एका तारखेची भर पडली. २९ जुलै २०१५ रोजी आलेली आणि असंख्य घरांत वापरली गेलेली विंडोज १० ही संगणकप्रणाली नियमितपणे सांभाळण्याचे काम तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची एक वर्षाची जादा मुदत, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, जाहीर करण्यात आली. परंतु ती आपोआप मिळणारी नसून तिच्यासाठी नोंदणी करावी लागते.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मुदत संपल्याने संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. मात्र प्रणालीत नवे छिद्र सापडल्यास ते बुजविणारा कोणी उरत नाही. अशा उघड्या छिद्रांतून काय शिरू शकते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक कार्यक्रमाने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद केली आणि ती सोडविण्यासाठी खंडणी मागितली. त्या छिद्राची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांच्यावर हा प्रसंग ओढवला. मुदत संपलेल्या प्रणालीवर तर बसविण्यासाठी दुरुस्तीच मिळत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नव्हे.

एक घर, एक संगणक

विषय स्पष्ट व्हावा म्हणून डिचोली तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकाचे घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. गावात सर्वजण त्यांना मास्तर म्हणतात. २०१४ साली घेतलेला संगणक बैठकीच्या खोलीत आहे. त्यात इंटेल कंपनीच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी क्षमतेची हार्ड डिस्क आहे. मास्तरांनी त्यावर गावच्या शाळेचा इतिहास लिहिला आहे. वाड्यावरील वृद्ध स्त्रियांकडून धालो आणि फुगडीची गीते ऐकून त्यांनी ती उतरवून ठेवली आहेत. गीते सांगणाऱ्यांपैकी काही जणी आज हयात नाहीत. त्याच संगणकावर अकरावीतील नात आपला अभ्यास करते आणि मुलगा घराचे व्यवहार पाहतो.

संगणक फार मंद झाला म्हणून तो तालुक्याच्या बाजारातील दुरुस्तीवाल्याकडे नेण्यात आला. “मास्तर, हे यंत्र आता मोडीत काढा, नवे घ्या,” असा सल्ला मिळाला. मुलाला तो पटला. मास्तरांना मात्र चालत्या यंत्रावर पाणी सोडणे मान्य नव्हते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. परंतु वासे ठोकून पाहण्याचे काम दोघांनीही केलेले नव्हते.

पहिले काम : आतील ठेव्याची सोय

निर्णय कोणताही होवो, पहिले काम एकच असते. संगणकातील कागदपत्रांची, छायाचित्रांची आणि लेखनाची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे. यंत्राची किंमत पैशांत मोजता येते आणि ते पुन्हा विकत मिळते. मास्तरांनी जमविलेली गीते बाजारात मिळणार नाहीत. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात आणि त्या झिजतात. टकटक असा आवाज येऊ लागणे, फाइल उघडताना यंत्र गोठणे ही डिस्क शेवटच्या टप्प्यावर आल्याची लक्षणे समजावीत. अशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग न करता प्रथम प्रती काढाव्यात. दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर आणि शक्य तर एक घराबाहेर, नातेवाइकाकडे अथवा इंटरनेटवरील साठ्यात ठेवणे हितावह असते. एकाच पेन ड्राइव्हवर सर्व भरवसा ठेवू नये.

मराठी लेखनाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि ती अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते. पूर्वी प्रचलित असलेल्या अनेक मराठी फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असत. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देई. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर तोच मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांचा ढिगारा होऊन पडद्यावर येतो. काही मराठी आज्ञावल्यांना तर संगणकाच्या पाठीमागे बसविण्याची छोटी कुलूपवजा डबी लागत असे, आणि ती बसविण्याची जुन्या पद्धतीची खोबण आजच्या यंत्रांत आढळत नाही. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. तथापि घरोघरी आणि छापखान्यांत तिचा वापर रुळण्यास बरीच वर्षे लागली. त्यामुळे गोवा, बेळगाव, इंदूर, वडोदरे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी मंडळांची, वाचनालयांची आणि लेखकांची कितीतरी कागदपत्रे आजही जुन्या फॉन्टांत अडकून आहेत.

यावर उपाय आहे, पण तो जुने यंत्र चालू असतानाच करावयास हवा. प्रथम जुन्या संगणकावरच प्रत्येक लेखाची पीडीएफ प्रत तयार करावी, म्हणजे मजकूर मूळ रूपात कसा दिसत होता याचा पुरावा राहतो. त्यानंतर परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. हे परिवर्तन शंभर टक्के निर्दोष होईलच असे नाही. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या जागा चुकण्याचा संभव अधिक असतो. म्हणून पीडीएफ प्रत समोर ठेवून मुद्रिते तपासावीत तसा मजकूर तपासावा. हे काम न करता जुने यंत्र मोडीत घालणे म्हणजे घराबरोबर देवघरातील पेटीही विकून टाकण्यासारखे आहे.

दुसरे काम : अडचण नेमकी कोठे आहे?

संगणक जुना दिसतो म्हणून तो निकामी ठरत नाही. काही दोष वार्धक्याचे वाटतात, प्रत्यक्षात ते किरकोळ असतात.

संगणक सुरू करताना तारीख दर वेळी मागे गेलेली दिसते आणि बँकेची किंवा शासनाची संकेतस्थळे ‘सुरक्षित नाहीत’ असा इशारा देऊ लागतात. पुष्कळदा याचे कारण मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा, तीन व्होल्टचा, सीआर २०३२ या क्रमांकाचा सेल संपणे हे असते. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांना मुदत असते. संगणकाचे घड्याळ चुकले की ती मुदत त्याला जुळत नाही. अत्यंत स्वस्त असा सेल बदलला की सर्व सुरळीत होते.

संगणक तापून मध्येच बंद पडतो, पंखा मोठ्याने घरघरतो, अशा वेळी आत साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरील वाळून गेलेला उष्णतावाहक लेप यांकडे प्रथम पाहावे. पावसाळ्यातील दमट हवेनंतर संगणक नुसताच ‘बीप’ करतो आणि पडदा काळाच राहतो, असेही किनारपट्टीच्या भागात घडते. रॅमच्या पट्टीच्या टोकांवर धरलेला मळ हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. वीजपुरवठा पूर्णपणे तोडून, जाणकाराच्या हातून ती पट्टी काढून, पुसून पुन्हा बसविली की काम भागते. वारंवार अचानक बंद होणाऱ्या यंत्रात वीज पुरविणारा एसएमपीएस हा भाग तपासावा. तोही स्वतंत्रपणे बदलता येतो.

हे सर्व ठीक असूनही मंदपणा राहिला, तर विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून पाहावा. नेहमीचे काम चालू असताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर अडचण हार्ड डिस्कची असण्याचा संभव मोठा. रॅमचा आकडा सतत नव्वदच्या पुढे राहत असेल, तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसरचाच आकडा साध्या कामातही वर राहत असेल आणि नको असलेले कार्यक्रम बंद करूनही तो उतरत नसेल, तर मात्र दोष वाशांत असण्याची शंका घ्यावी. कारण जुन्या संगणकात प्रोसेसर बदलणे क्वचितच परवडते.

यांपैकी हार्ड डिस्कचा दोष सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत सहज दूर होतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि माहिती शोधण्यासाठी तिच्यावरील काट्याला जागोजागी हलावे लागते. प्रत्येक शोधाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसतो आणि तोच शोध तिच्यात साधारण शंभर पटींनी लवकर होतो. त्यामुळे दहा मिनिटांत सुरू होणारा संगणक एसएसडी बसविल्यावर एखाद्या मिनिटात सुरू झाल्याचा अनुभव अनेकांना येतो.

रॅम वाढविताना मात्र प्रकार जुळवून घ्यावा लागतो. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि काही लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाख देऊन जोडलेली असल्याने ती वाढविताच येत नाही. ३२ बिटांची प्रणाली असलेल्या घरगुती संगणकात साधारणपणे ४ जीबीपलीकडची रॅम उपयोगात येत नाही, हेही ध्यानी ठेवावे. शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅमचे दर जगभर झपाट्याने चढले होते. म्हणून जुन्या अंदाजावर विसंबून न राहता खरेदीच्या दिवशीचा भाव विचारूनच हिशेब करावा.

तिसरे काम : वासे ठोकून पाहणे

डिस्क आणि रॅम ही कौले झाली. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि त्यांच्यावर चालू शकणारी प्रणाली हे वासे होत.

५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध असलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा, सुरक्षित प्रारंभाची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था असावी लागते. प्रोसेसर इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ मध्ये बाजारात आले. त्यामुळे २०१८ च्या पुढे घेतलेल्या संगणकांना ही प्रणाली चालण्याची शक्यता बरीच आणि २०१६ पूर्वीच्यांना जवळजवळ नाही, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. नेमकी खात्री कंपनीच्याच ‘पीसी हेल्थ चेक’ या विनामूल्य तपासणी-कार्यक्रमाने करून घ्यावी. अटी चुकवून ही प्रणाली जुन्या यंत्रावर बसवून देणारे लोक भेटतात. परंतु अशा यंत्रांना पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी खटाटोप करावयाचा, तीच त्यात डळमळीत राहते.

विंडोज ११ चालत नाही म्हणजे यंत्र संपले, असेही नव्हे. लिनक्स या खुल्या प्रणालीचा मार्ग मोकळा असतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचा आरंभ केला आणि आज तिची अनेक रूपे विनामूल्य मिळतात. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही त्यांपैकी परिचित नावे होत. सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेने ‘बॉस’ या नावाने भारतीय भाषांची सोय असलेले एक रूप तयार केले आहे. आंतरजालावरील वाचन, पत्रव्यवहार, युनिकोडमधील मराठी लेखन, हिशेबाचे तक्ते, व्याख्यानांच्या चित्रफिती ही घरातील बहुतेक कामे तिच्यावर होतात. केवळ विंडोजवर चालणारी एखादी विशिष्ट आज्ञावली अथवा जुना छपाईयंत्राचा नमुना तिच्यावर चालेलच असे नाही. म्हणून तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, त्याच संगणकावर ती आधी चालवून पाहावी आणि मगच निश्चय करावा.

चौथे काम : वर्षाचा हिशेब

दुरुस्तीचा खर्च थोडा आणि नव्या यंत्राची किंमत मोठी, एवढ्यावरून दुरुस्ती स्वस्त ठरत नाही. खर्चाला मिळणाऱ्या वर्षांनी भागावे, हा सोपा नियम होय. समजा, एसएसडी, रॅम आणि मजुरी मिळून ६,००० रुपये लागले आणि यंत्र आणखी तीन वर्षे चालले, तर वर्षाला २,००० रुपये पडले. समजा, ४५,००० रुपयांचा नवा संगणक आठ वर्षे चालला, तर वर्षाला ५,६२५ रुपये पडले. येथे दुरुस्ती स्पष्टपणे फायद्याची आहे. परंतु तेच ६,००० रुपये घालून यंत्र जेमतेम एकच वर्ष सुरक्षितपणे वापरता येणार असेल, तर ते नव्या यंत्रापेक्षा महाग पडले. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील भाव त्यांच्या जागी घालावेत.

विजेचाही विचार असावा, पण प्रमाणात. मेजावरील संगणक पडद्यासह १०० वॅट आणि लॅपटॉप ४० वॅट घेतो असे धरले आणि दोन्ही दिवसाला पाच तास चालले, तर महिन्याला अनुक्रमे १५ आणि ६ युनिटे लागतात. ९ युनिटांच्या फरकाला आपल्या बिलातील दराने गुणले की बचत कळते. तेवढ्याच बचतीसाठी चालते यंत्र काढून टाकणे क्वचितच योग्य ठरेल.

तीन घरे, तीन उत्तरे

आता डिचोलीच्या घराकडे वळता येईल. मास्तरांच्या संगणकातील प्रोसेसर चौथ्या पिढीचा. विंडोज ११ चा मार्ग बंद. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. प्रोसेसर मात्र बहुतांशी मोकळा. म्हणजे कौले फुटलेली, वासे काही वर्षांपुरते शाबूत. कुटुंबाने आधी सर्व लेखनाच्या पीडीएफ प्रती काढल्या आणि मजकूर युनिकोडमध्ये आणला. नातीने पडद्यावर वाचावे आणि आजोबांनी चुका सांगाव्यात, असे काही रविवार गेले. त्यानंतर एसएसडी आणि ८ जीबी रॅम बसवून लिनक्स घालण्यात आले. जुनी हार्ड डिस्क न पुसता, कोरड्या जागी, मूळ संग्रह म्हणून जपून ठेवली गेली. नात पदवीच्या अभ्यासाला जाईल तेव्हा नवा संगणक घ्यावयाचा आणि त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावयाची, असेही ठरले. मास्तरांचे म्हणणे राहिले आणि मुलाचेही.

दुसरे घर बेळगावजवळचे समजावे. तेथील लॅपटॉप २०१२ चा. बिजागरी मोडलेली, रॅम वाढविण्याची सोय नाही आणि बॅटरी फुगून कळफलक वर आलेला. येथे हिशेबाची गरजच नाही. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती टोचू नये, दाबू नये, तिला विजेचा पुरवठा देऊ नये. यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकरवी बॅटरी अलग करावी, डिस्कमधील मजकूर काढून घ्यावा आणि नवे यंत्र घ्यावे. अशा ठिकाणी काटकसरीचा आग्रह धरणे हा अविचार ठरेल.

तिसरे घर इंदूरचे. तेथील संगणक २०१९ चा, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा, पण हार्ड डिस्कवर चालणारा. घरच्यांना तो जुनाट वाटतो, कारण शेजाऱ्यांचा नवा संगणक क्षणात सुरू होतो. एसएसडी बसवून विंडोज ११ घातले की त्याचाही मंदपणा जातो आणि पुढील काही वर्षांची चिंता मिटते. येथे नवी खरेदी म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

तिन्ही यंत्रांच्या वयावरून निर्णय झालेला नाही. काम कोणते, अडचण कोठे, सुरक्षितता किती वर्षांची आणि वर्षाला खर्च किती, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून तो झाला आहे.

नवे घ्यावयाचे ठरल्यास

नवे यंत्र घेताना विक्रेत्याच्या स्तुतीपेक्षा पुढील वाढीची सोय पाहावी. एसएसडी असावीच. रॅम किमान ८ जीबी असावी, आणि पुढे वाढविण्यासाठी रिकामी जागा असल्यास उत्तम. लॅपटॉपची बॅटरी व रॅम बदलता येतात की नाही, हे आधी विचारावे. पक्के बिल आणि लेखी हमी घेतल्याविना पैसे देऊ नयेत. कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप नूतनीकृत म्हणून स्वस्तात मिळतात. ते टाकाऊच असतात असे नाही. परंतु प्रोसेसरची पिढी न पाहता घेतल्यास, एक वाळवी लागलेला वासा काढून दुसरा तसाच आणल्यासारखे होईल.

जुन्याची विल्हेवाट

बदलण्याचा निर्णय झाला तरी जबाबदारी संपत नाही. फाइल ‘डिलीट’ केल्याने ती डिस्कवरून नाहीशी होत नाही. साध्या साधनांनी ती परत काढता येते. म्हणून यंत्र देण्यापूर्वी डिस्क संपूर्ण पुसून घ्यावी किंवा काढून घरीच ठेवावी.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या एका अभ्यासानुसार, त्या काळचा एक मेजावरील संगणक आणि त्याचा काचनळीचा पडदा तयार करण्यास किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत असे. यंत्र आणखी तीन वर्षे वापरणे म्हणजे तेवढा काळ हा भार निसर्गावर पुन्हा न टाकणे होय. उलट जुने यंत्र उघड्यावर फेकले, किंवा तांब्यासाठी त्याच्या तारा जाळल्या, तर शिसे व इतर विषारी द्रव्ये माती, पाणी आणि हवेत मिसळतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून त्यांनी उत्पादकांवर अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे नागरिकांनी जुने यंत्र भंगारवाल्याच्या हवाली न करता कंपनीच्या संकलन-केंद्राकडे अथवा नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे सोपवावे.

समारोप

गावात असे प्रश्न उभे राहिले की लोक प्रथम शाळेतील शिक्षकांकडे, पंचायतीच्या सचिवाकडे किंवा तलाठ्याकडे सल्ल्यासाठी जातात. त्यांनी सल्ला देताना वरील क्रम पाळला, तर अनेक कुटुंबांचे पैसे वाचतील आणि त्याहून मोलाचे असे पुष्कळ काही वाचेल. घरोघरी संगणकांत वंशावळी आहेत, मंडळांची इतिवृत्ते आहेत, दिवंगतांची छायाचित्रे आहेत. यंत्र सुधारले काय किंवा बदलले काय, हा ठेवा सुखरूप दुसऱ्या ठिकाणी पोचला तरच निर्णय योग्य झाला असे म्हणता येईल. घराची डागडुजी काढण्यापूर्वी शहाणा माणूस धान्याची कोठारे आणि देवघर आधी सुरक्षित जागी हलवितो, आणि मग सुताराला वर चढावयास सांगतो. घरातील जुन्या संगणकाच्या बाबतीतही याच क्रमाने जावे, एवढेच या निमित्ताने सुचवावयाचे आहे.